विहिरीपर्यंत पोचणारं नाव

भाड्याची खोली बघायला गेलं की मालक विचारतात, नवरा कुठं असतो, मटण शिजवता का, पाहुणे किती येतात. आमच्या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. बाजेवर बसल्या बसल्या त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं, तर हे गृहस्थ उठले, रस्ता ओलांडून पिठाच्या गिरणीच्याही पलीकडं गेले आणि तिथून माझ्या नावानं जोरात हाक मारली. गिरणीतल्या बाया पदराला हात पुसत बाहेर आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येऊन म्हणाले, "बाई, नाव चांगलंय, पण पाच घरांच्या पुढं जात न्हाय. मधीच मोडतंय. खोली घ्या, पंखा हाय."

मी तेव्हा ग्रामसेवक म्हणून कळंब तालुक्यातल्या त्या गावात नुकतीच रुजू झाले होते. नावाला नाव ठेवलं म्हणून मला राग आला. खोली मात्र घेतली. पंखा खरंच होता.

मालक म्हणजे गावातले निवृत्त शिक्षक. गावात त्यांना सगळे गुरुजीच म्हणत. सत्तरी ओलांडलेली, बायको वारलेली, मुलगी सोलापूरला दिलेली. अंगात पांढरा नेहरू शर्ट, खिशाला शाईचा पेन आणि खांद्यावर पंचा. पंचा घाम पुसायला असतो असं आपल्याला वाटतं. गुरुजींचा पंचा निकाल द्यायला असायचा.

त्यांचा सिद्धांत असा, की नाव कागदावर नसतं, हाकेत असतं. बारसं जवळ आलं की लोक त्यांच्याकडं यायचे. जोशीबुवा अक्षर काढून देणार आणि गुरुजी नाव तपासून देणार, अशी गावाची पद्धतच पडली होती. तपासणी शेतात व्हायची. बाळाच्या आईनं गोठ्यापाशी उभं राहायचं, गुरुजींनी लांब विहिरीपाशी. मग आईनं हाक मारायची. नाव पुरतं आलं तर पंचा वर, निम्मं आलं तर आडवा, आणि काहीच आलं नाही तर गुरुजी सरळ मटकन खाली बसायचे. हाक आईनंच मारायची, हा नियम. बाप मारायला लागला की म्हणायचे, "तुमी गप बसा. जल्मभर हाका तिला मारायच्यात."

आजकालच्या नावांवर त्यांचा फार राग. रियांश, शिवांश, प्रियांश. "अर्ध्या गावाचे अंश झालेत, पुरा माणूस एक न्हाय," असं म्हणायचे. एका बापानं मोबाईलमधून 'कियान' शोधून आणलं, तेव्हा गुरुजी विहिरीपाशी बसले ते बसलेच. शेवटी बापाला त्यांना उठवायला जावं लागलं.

हे वेड त्यांना शाळेतूनच लागलेलं. पूर्वी पोरगं पहिलीत घालायला आणलं, की जन्मतारीख आईबापांना ठाऊक नसायची. मास्तर एक जून लिहून मोकळे. त्या गावातले पन्नाशीपुढचे निम्मे लोक एक जूनला जन्मलेत, माझ्या रजिस्टराला त्याची साक्ष आहे. पण गुरुजी तारखेवर थांबायचे नाहीत. ते नावही बदलायचे. कचरू आला की लिहायचे प्रकाश. धोंडू आला की दिलीप. नकुशी नावाची पोर आली तिला हौसा लिहिलं, आणि तिच्या बापाला ओट्यावर बसवून दम भरला. आईबाप बिचारे निरक्षर, त्यांना पुढं दाखला कुणी वाचून दाखवल्यावर कळायचं.

त्याचा त्रास मला. "बाई, रेशन कार्डावर कचरू, शाळेत प्रकाश, सातबाऱ्यावर अजून काहीतरी, आता म्या हाय तरी कोण?" असं विचारत माणसं कचेरीत यायची. एकदा मी वैतागून गुरुजींना म्हटलं, "तुमच्या परोपकारापायी मला अफिडेव्हिटं करावी लागतात." ते शांतपणे सुशीला खात होते. आमच्याकडं सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला करतात, ती त्यांना रोज लागायची. म्हणाले, "करा की. कचरू म्हणून मरण्यापरीस अफिडेव्हिट बरं."

असल्या माणसाचं स्वतःचं नाव काय, हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. मतदार यादी तपासत होते. आमच्या घर क्रमांकापुढं नाव होतं, दगडू. मी दोनदा वाचलं. दारावर पाटी नव्हती, सही करायचे ती 'द.' टिंब आणि पुढं आडनाव. संध्याकाळी मी यादी घेऊन ओसरीवर आले. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं.

"मोठ्यानं वाचू नका," एवढंच म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आधीची दोन पोरं गेलेली. हे झाले तेव्हा आईनं त्यांना सुपात घालून शेजारणीला देऊन टाकलं आणि पायलीभर ज्वारी देऊन परत मागून घेतलं, म्हणजे हे पोर आपलं नव्हेच, असं दैवाला वाटावं. आणि नाव ठेवलं दगडू. "आईचं म्हणणं, मरण दारात आलं तर इचारल, पोराचं नाव काय. दगडू म्हणलं की म्हणंल, दगुड न्हिऊन काय करायचा, आन जाईल मागं." शाळेत मास्तरांनी हजेरीला नाव घेतलं की मागची पोरं पाटीवर खडे वाजवायची. गुरुजी नववीत असताना आई गेली. "तवापासनं त्या नावानं मला कुणी हाक मारली न्हाय बाई. म्या मारू दिली न्हाय."

सगळ्या गावाची नावं बदलणाऱ्या माणसाला स्वतःचं बदलता आलं नव्हतं, कारण त्याला पहिलीत घालताना तिथं गुरुजी नव्हते. मला फार वाईट वाटलं. यादी मी पिशवीत घातली आणि तो विषय कुणापाशी काढला नाही.

नंतरच्या थंडीत आमच्या गल्लीतल्या विकासला मुलगा झाला. विकास गुरुजींचा विद्यार्थी, माळावरच्या पवनचक्क्यांवर टेक्निशियन. त्याची बायको अश्विनी, गरीब स्वभावाची पोर. तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटात गेलं, दुसरं आठ दिवसांचं होऊन गेलं. हे तिसरं, धाराशिवच्या दवाखान्यातून नीट घरी आलं तेव्हा गल्लीतल्या बायांनी रस्त्यावरच मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

बाराव्या दिवशी बारसं ठरलं, पाळणा टांगला, आणि तिथंच अडलं. विकासला नाव पाहिजे रियांश. त्याची आजी, केशरआजी, म्हणाली, दगडू.

"दोन गेली. आता मरणाला दावायला हे नाव पायजे," आजीचा मुद्दा.

"आजी, शाळेत पोरं त्याला जगू देणार न्हाईत," विकासचा मुद्दा.

दोघंही हटेनात. आत्या कानात कुर्र करायला तयार होऊन आली होती, ती पुरणपोळी खाऊन परत गेली. पाळणा रिकामा टांगलेला आणि बाळ खाली गोधडीवर. बिननावाचं पोर पाळण्यात घालायचं नाही, असं आजीचं. दीड महिना झाला. माझ्या रजिस्टरात नावाचा रकाना कोरा. अश्विनीला कुणी विचारत नव्हतं. ती मला नळावर भेटली तेव्हा हळूच म्हणाली, "मॅडम, मला भ्या वाटतंय. नाव न्हाई तर त्यो आपला वाटत न्हाई. आज हाय, उद्या कुणी बी न्हील."

गुरुजी आजीला समजवायला गेले. मी बरोबर होते. खूप बोलले ते, नावानं माणूस कसा खचतो, पोरं कशी छळतात. आजी ज्वारी निवडत ऐकत होती. ती त्यांच्याच वयाची, लहानपणापासून त्याच गावातली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "पर तुमी जगलाव की, गुरुजी. त्याच नावानं जगलाव."

गुरुजींनी पंचा खांद्यावर टाकला. उठले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सुशीला तशीच राहिली.

त्याच आठवड्यात विकास आमच्या ओसरीवर चहाला बसला होता. बोलता बोलता म्हणाला, "साइटवर डेन्मार्कचा एक साहेब आलाय, पाती तपासायला. साठीचा असंल. त्याचं नाव स्टेन. पोरांनी अर्थ इचारला, तर त्यानं वाकून खालचा दगड उचलला आन छातीला लावला."

गुरुजींची बशी ओठापाशीच थांबली. "म्हंजे दगडू?"

"तसंच म्हणायचं की."

पुढच्या शनिवारी मला सुट्टी होती. सकाळीच गुरुजी धुतलेला शर्ट घालून तयार. हातात नारळ आणि नवा टॉवेल-टोपी. "चला बाई, माळावर जायचंय. तुमच्या स्कूटीवर." मी म्हटलं, साहेबाचा सत्कार का? तर म्हणाले, "सत्कार कशाचा? त्याच्या आईची कितीतरी पोरं गेली आसतील. भेटून यावं माणसानं."

मी डोक्याला हात लावला. पण त्यांचं बरोबर होतं हो. आपल्याकडं दगडू नाव ऐकलं की जुनं माणूस आधी हेच विचारतं, वरची किती गेली. त्यांना वाटलं सगळ्या जगात हीच रीत असणार.

तो साहेब म्हणजे लालबुंद झालेला उंच माणूस, पवनचक्कीच्या सावलीत डबा खात बसलेला. गुरुजींनी त्याला नारळ दिला, टोपी घातली आणि विकासला म्हणाले, "इचार त्यांना, माउलीची किती गेली?" विकासनं लाजत कसंबसं इंग्रजी केलं. साहेबाला काही कळेना. पुन्हा सांगितल्यावर म्हणाला, एकही नाही. मला चार थोरली भावंडं आहेत, सगळी ठणठणीत.

"मग आसलं नाव का ठिवलं?" गुरुजी जवळजवळ रागावलेच.

साहेब डबा बाजूला ठेवून नीट सांगायला बसला. माणूस चांगला होता. हे त्याच्या आजोबांचं नाव. त्याच्या देशात फार जुन्या काळापासून लोक मुलांना हे नाव देतात, कधी नुसतं, कधी देवाच्या नावाला जोडून, अमक्या देवाचा दगड असं. का, तर दगड टिकतो म्हणून. वाऱ्यानं हलत नाही, पावसानं विरघळत नाही. त्याच्या गावाबाहेर पुरुषभर उंचीची एक शिळा उभी आहे, हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्यावर आपल्या माणसाचं नाव कोरलंय. शाळेत असताना त्याच्या वर्गात दोन स्टेन होते, शेजारच्या वर्गात आणखी एक. मोठी चलती होती म्हणे नावाची. आता कुणी ठेवत नाही. तरुण आईबापांना ते म्हाताऱ्याचं नाव वाटतं. त्याच्या स्वतःच्या नातवाला त्यानं सुचवून पाहिलं, सुनेनं नाक मुरडलं.

"तिकडं बी अंश निघाले म्हणायचे," गुरुजी पुटपुटले.

मग त्यांनी विकासकडून एकच विचारून घेतलं, नावाची कधी लाज वाटली का. साहेब हसला. म्हणाला, लाज कशाची? लहानपणी मला वाटायचं, आपल्या नावाचा माणूस कधी पडणार नाही.

येताना गुरुजी माझ्या मागं बसले होते. गावाच्या शिवेवर मारुतीच्या देवळापाशी लिंबाखाली एक वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या कुणा वीराचा. तिथं म्हणाले, "बाई, गाडी थांबवा." उतरून त्या शिळेवर हात ठेवून उभे राहिले. पोरं तिच्यावर चिंचा फोडायची, त्याच्या खुणा होत्या. गुरुजींनी पंच्यानं त्या पुसल्या. "आपुन दगड म्हणलं की टाकायचाच इचार करतो," म्हणाले. "रोवायचा बी आसतो की."

त्याच संध्याकाळी आम्ही विकासच्या घरी गेलो आणि गुरुजींनी नाव सांगितलं, स्टेन. विकासचा चेहरा खुलला. परदेशी नाव, गावात कुणाचं नाही, अर्थ आजीच्या मनासारखा. आजीनं मात्र डोळे बारीक केले.

"पर गुरुजी, मरणाला ती भाषा येतीय का?"

याच्यावर आम्ही हसलो नाही, कारण अश्विनी बाळाला घट्ट धरून आजीकडंच बघत होती. तिलाही तेच विचारायचं होतं.

गुरुजी म्हणाले, "रविवारी हाक मारून बघू. जे पोचंल ते."

हरभरा निघून गेलेला, रान मोकळं. गोठ्यापाशी अश्विनी, बाळ आजीच्या मांडीवर, विकास, मी, आणि गल्लीतल्या रिकामटेकड्या आठ-दहा बाया. गुरुजी ढेकळं तुडवत विहिरीपाशी गेले आणि आमच्याकडं तोंड करून उभे राहिले.

अश्विनीनं आधी रियांश अशी हाक मारली. पंचा आडवा झाला. निम्मं.

मग स्टेन. एकदा मारली, दुसऱ्यांदा मारली. बिचारीनं गळ्याच्या शिरा ताणून मारली. लांबवर गुरुजी हळूच खाली बसले. गल्ली खो खो हसली. स्वतः शोधून आणलेलं नाव, डोळे झाकून पंचा वर करायचा होता, कुणाला कळणार होतं? पण नाही. नियम म्हणजे नियम. माळावरच्या चक्कीएवढं ते नाव, आणि विहिरीपर्यंत गेलं नाही.

विकास म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता, घरी चला." तेव्हा अश्विनी दोन पावलं पुढं गेली. तिनं कुणाला विचारलं नाही. पदर कंबरेला खोचला, दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि हाक मारली.

"दगडूऽऽऽ, ये रं बाळा, घरी येऽऽऽ"

ती हाक मी जन्मात विसरणार नाही. दोन लेकरं गेलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी घरी बोलवायला मिळालं होतं. सगळं पोट त्या हाकेत आलं होतं. बाया हसायच्या थांबल्या.

पंचा वर झाला नाही. आडवाही झाला नाही. आम्ही बघतोय. खाली बसलेले गुरुजी उठले, आणि तिकडून आवाज आला.

"ओऽऽऽ, आलोऽऽऽ"

आणि ते निघालेच. सत्तरीपुढचा माणूस ढेकळांतून धावत यायला लागला. पंचा विहिरीवरच राहिला. विकास त्यांना धरायला पळाला, तर त्याचा हात झटकून तसेच पुढं आले आणि अश्विनीसमोर येऊन थांबले. धाप लागली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला खांद्यावर काही नव्हतं.

"पोचलं का गुरुजी?" तिनं घाबरून विचारलं.

"पोचलं पोरी," म्हणाले. "त्ये माझं नाव हाय."

अश्विनीनं जीभ चावली. वडीलधाऱ्या माणसाला नावानं हाक मारली म्हणून ती पाया पडायला वाकली. गुरुजींनी तिला मधेच धरलं. म्हणाले, "माझी आई आशीच बोलवायची. म्या लाजायचो, आन ती बिचारी मला मरणापासनं झाकायची. म्या एवढाच अर्थ धरून बसलो, की मला टाकून दिल्यागत नाव ठिवलं." मग तिथंच बांधावर बसून लहान पोरासारखे रडले. आजीनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि स्वतःच्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

निकाल अश्विनीनं दिला. "कागदावर स्टेन लिवा, हाकेला दगडू. आन शाळेत कुणी हसलं तर म्या गुरुजींकडं धाडीन." विकासनं मान हलवली. आजी म्हणाली, आता मरणानं कुठल्या बी भाषेत इचारू द्या. त्याच दिवशी बाळ पाळण्यात पडलं.

नावाच्या अर्जावर एका जाणत्या माणसाची सही घ्यावी असं मला वाटलं. गरज नव्हती, पण मी घेतली. गुरुजींनी पेन उघडला, 'द' काढला, क्षणभर थांबले, आणि टिंब न देता पुढं लिहीत गेले. सगळं नाव, बापाच्या नावासकट. महिन्याभरात दारावर पाटी लागली. रंगारी म्हणाला अक्षरं मावत नाहीत, तर गुरुजींनी पाटी मोठी करवली, नाव लहान केलं नाही.

पुढचं हसण्यासारखं आहे. वर्षाच्या आत गावात दुसरा स्टेन झाला. मग विकासच्या बहिणीनं येडशीला आपल्या मुलाला तेच ठेवलं. एका ट्रॅक्टरमागं 'स्टेन कृपा' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. गुरुजींच्या परीक्षेत नापास झालेलं नाव, आणि तालुक्यात तेच चालायला लागलं. विकासनं साहेबाला फोनवर सांगितलं, तर त्यानं म्हणे दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, आमच्याकडं हे नाव आता म्हाताऱ्यांबरोबर जाईल असं वाटत होतं. तुमच्याकडं रांगतंय म्हणता, तर बरं वाटलं.

माझी बदली नळदुर्गकडं झाली, त्याच्या आदल्या दिवशी मी सामान बांधून ओसरीवर बसले होते. गुरुजी शेजारी बाजेवर. विकासचा पोरगा चालायला लागला होता, नागड्यानंच गिरणीपर्यंत पळून गेलेला. समोरून अश्विनी ओरडली, "दगडूऽऽ, ये जेवायलाऽऽ."

"ओऽऽ," गुरुजी म्हणाले. पोरगंही गिरणीपाशी वळलं.

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्हाला नाही बोलावलं."

"ठाव हाय की," ते म्हणाले. "पण लई वर्सांची ओ द्यायची ऱ्हायलीय, बाई."

आणि पायात चप्पल सरकवून पोराला आणायला गेले.